आदल्या दिवशीची फुलं

दामिनी सून होऊन त्या घरात येईपर्यंत देवकाबाईला फुलाच्या दोनच जागा ठाऊक होत्या. एक देवाचा पाट आणि दुसरी बाईचा अंबाडा. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात ह्या धाकट्या जावेनं सकाळी उठून घरामागच्या सांदवाडीतल्या झिनियाच्या चार दांड्या कापल्या, पितळी गडव्यात पाणी भरून त्यात उभ्या केल्या आणि गडवा ओसरीच्या खिडकीत नेऊन ठेवला. देवकाबाई हातातला झाडू तसाच धरून पाहत राहिली.

"अवं, तो पाणी प्याचा गडवा होय," ती म्हणाली.

"फुलायले बी तहान लागते, बाई," दामिनी म्हणाली, आणि एक दांडी जराशी कलती करून बाजूला झाली.

देवकाबाईला हसू आलं. पण दुपारी ओसरीत तांदूळ निवडायला बसल्यावर तिची नजर पुन्हा पुन्हा त्या खिडकीकडं जाऊ लागली. बाहेर ऊन असं की अड्याळच्या रस्त्यावर कुत्रंही फिरकत नव्हतं, आणि खिडकीत तो लालकेशरी रंग थंड पाण्यात पाय सोडून बसल्यासारखा.

त्या उन्हाळ्यापासून सांदवाडी बदलली. न्हाणीचं पाणी आधी नुसतंच वाहून जायचं, ते पाट काढून वाफ्यांत वळवलं. मोगरा लागला, सूर्यफुलं लागली, कुंपणावर बोगनवेल चढली. दामिनीनं सिहोऱ्याहून, माहेराहून, मे फ्लॉवरचे कांदे आणून भिंतीच्या कडेला पुरले. वर्षभर तिथं काहीच दिसायचं नाही, आणि मे महिन्यात नुसत्या दांड्यावर लाल गोळा वर यायचा. देवकाबाईचा नवरा दादाजी दामिनीचे भासरे लागत, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. रीतीप्रमाणं भासऱ्यानं धाकट्या भावाच्या बायकोशी तोंडावर बोलायचं नसतं. म्हणून ते भंडाऱ्याला गेले की बियाण्यांच्या पुड्या आणून तुळशीच्या ओट्यावर ठेवत, एकदा खाकरत आणि निघून जात. झाडांवर ऊन फार येतं हे दिसल्यावर त्यांनीच बांबूच्या तट्ट्या बांधून सावली केली. कोणी सांगितलं नव्हतं.

झाडं वाढवावी देवकाबाईनं आणि फुलं मांडावी दामिनीनं, असं हळूहळू ठरूनच गेलं. दामिनी पहाटे फुलं कापायची. खालची पानं काढून टाकायची, दांडीला तिरपा काप द्यायची आणि सगळी फुलं बादलीत गळ्याइतक्या पाण्यात बुडवून अंधाऱ्या खोलीत ठेवायची. चहापाणी झालं की मग मांडायला बसायची. जड सूर्यफुलाला जड लोटा. लोणच्याच्या जुन्या काचेच्या बरणीत झिनिया. मोगऱ्याला दांडी नसते, तर त्याची फुलं पाण्याच्या थाळीत सोडायची. देवकाबाई गडवा गच्च भरायला गेली की ती म्हणायची, "जागा सोडा, बाई. वारा जाऊ द्या मधून."

सहा वर्षं अशी गेली. मूल झालं नाही, त्याचं दुःख दोघींनी वाटून घेतलं. देवकाबाईचा एकुलता धनंजय पुण्याच्या कंपनीत लागला होता, त्यामुळं घरात पाळणा हलेल तर तो दामिनीचाच, असं तिनं मनात धरलं होतं. मग एका पावसाळ्यात, रोवणीच्या दिवसांत, धानाचे परे, म्हणजे रोपं, उपटत असताना बांधीत वीज पडली आणि सूरज गेला. दादाजींचा एकुलता भाऊ आणि दामिनीचा नवरा.

वर्षभर गडवा फडताळात पालथा पडला होता. पुढच्या उन्हाळ्यात झिनिया फुलल्या तेव्हा देवकाबाईला राहवेना. तिनंच चार फुलं कापून गडव्यात कोंबली आणि दामिनीच्या खोलीत ठेवली. दामिनी दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडून होती. संध्याकाळी ती उठली, गडव्यातली दोन फुलं उपसून बाहेर काढली, उरलेली नीट केली आणि पुन्हा निजली. देवकाबाई दाराआड उभी राहून पदर तोंडाला लावून रडली. पोरगी जगणार, एवढं तिला त्या दिवशी कळलं.

आणि पोरगी जगणार तर नुसतं फुलं मांडून जगणार का, हेही तिच्याच मनात आलं. दामिनी तिशीची. लाखनीचा भुपेंद्र शेजारच्या मालनबाईच्या माहेरच्या नात्यातला, हायवेच्या कडेला मोटार वाइंडिंगचं दुकान असलेला, बायको आजारानं गेलेली. देवकाबाईनंच तो विषय काढला. भाऊबंद म्हणाले, घरातली कामाची बाई आपल्या हातानं घालवून देऊन राहिली. दादाजींपुढं तिनं रात्री बोलून दाखवलं, तर सकाळी बैल सोडता सोडता ते एवढंच म्हणाले, "माणूस चांगला पाह्यजो."

माणूस चांगला होता. लग्न मंदिरात झालं. दामिनी जाताना देवकाबाईच्या गळ्यात पडून रडली, आणि देवकाबाई तिला म्हणाली की लाखनी काय विलायतेत आहे का.

लाखनी विलायतेत नव्हती, पण तसं व्हायला वेळ लागला नाही. आधी रोज फोन यायचा, मग आठवड्याला, मग सणाला. एकदा बोलता बोलता मागून दामिनीच्या नव्या सासूचा, सुंदरबाईंचा आवाज आला, "जुन्या घरातला पाय आता काढून घे, बाई." त्या काही रागानं म्हणाल्या नव्हत्या. भाकरी करपते, खाली उतरव, असं सांगावं तशा म्हणाल्या. पण देवकाबाईनं ते ऐकलं आणि त्यानंतर आपण होऊन फोन करणं सोडलं. बाई चूक बोलली असंही तिला म्हणता येईना. ह्या घरची सून होती तेव्हा ती आपली जाऊ होती. आता ती दुसऱ्याच्या घरची सून, तर आपण तिचे कोण? ह्या नात्याला काय म्हणतात ते तिनं मालनबाईला विचारून पाहिलं. मालनबाईलाही सांगता आलं नाही.

दोन उन्हाळे गेले. देवकाबाई फुलं कापायची, पाण्यात बुडवायची, गडव्यात ठेवायची. दामिनी सांगायची तशी जागाही सोडायची. पण तिनं सोडलेली जागा नुसती रिकामी दिसायची. हात फिरवून फिरवून ती थकायची आणि शेवटी उठून स्वयंपाकाला लागायची.

ह्या मे महिन्यात मालनबाई लाखनीला लग्नाला जाऊन आली आणि दारातच सांगू लागली की दामिनीला दिवस गेले आहेत, सातवा लागतो आहे, गुरुवारी ओटीभरण आहे. देवकाबाईनं तोंडभर हसून देवाला साखर ठेवली. मग ती सांदवाडीत गेली आणि वाळलेली पानं वेचत बराच वेळ तिथंच बसली. सहा महिने झाले आणि पोरीनं आपल्याला सांगितलं नाही. आनंद आणि हे दुसरं, दोन्ही एकाच वेळी छातीत बसेना. तीन दिवस ती फोन जवळ घेऊन वावरली. वाफ्यात पाणी सोडतानाही तो पदरात बांधलेला असायचा.

फोन आला तो सुंदरबाईंचा.

"देवकाबाई, भुपेंद्रची माय बोलून राहिली, लाखनीवरून," त्या म्हणाल्या. तब्येतपाणी विचारून झाल्यावर त्यांनी सरळ मुद्द्याला हात घातला. पोरीची तब्येत ठीक आहे, पण मन लागत नाही. डोहाळे म्हणावे तर आंबा नाही, चिंच नाही, घरात फुलं पाहिजेत म्हणते. भुपेंद्रनं बाजारातून दोनदा आणली, तर वास घेऊन बाजूला ठेवून दिली. कुठली पाहिजेत ते सांगत नाही, पण आपल्याला समजतं. मग त्यांनी आवाज हळू केला.

"तुमच्या घरची घेऊन या. पण एक बोलतो, राग नका धरू. गुरुवारी नका येऊ. सोयरेधायरे येतीन, ह्या कोण म्हणून विचारतीन. त्या दिवशी पहिल्या घरचं नाव निघू नये, असं मले वाटते. आदल्या दिवशी या."

देवकाबाईच्या हातात तांब्या होता. तो तिनं खाली ठेवला.

"येईन जी," ती म्हणाली.

दादाजींना तिनं एवढंच सांगितलं की दामिनीकडं ओटीभरण आहे आणि आपण फुलं घेऊन बुधवारी जाऊन येतो. त्यांनी मान हलवली.

बुधवारी अंधार होता तेव्हाच ती सांदवाडीत उतरली. झिनिया पूर्ण उमललेल्या तेवढ्या घेतल्या, सूर्यफुलं अर्धी मिटलेली घेतली, कारण वाटेत ती उघडणार होती. मोगऱ्याच्या कळ्या ओल्या फडक्यात बांधल्या. भिंतीच्या कडेला मे फ्लॉवरचे तीन गोळे आले होते. एवढ्या वर्षांत त्यांना कोणी कात्री लावली नव्हती, वर्षातून एकदा येणारं कापायचं कशाला म्हणून. देवकाबाई त्यांच्यापुढं उकिडवी बसली आणि तिन्ही कापले.

बादलीत चार बोटं पाणी घालून, फुलांवरून ओला दुपट्टा टाकून ती बसमध्ये चढली. बादली दोन पायांच्या मध्ये धरली. भंडाऱ्याच्या स्टँडवर उतरून लाखनीची बस धरेपर्यंत ऊन डोक्यावर आलं होतं. स्टँडच्या नळावर तिनं दुपट्टा पुन्हा भिजवला. दुसऱ्या बसच्या कंडक्टरनं बादलीकडं पाहून विचारलं, "काय माय, लग्नाले चालली का?"

"लेकीकडं चालली," ती म्हणाली. तोंडातून निघून गेलं. मग लाखनी येईपर्यंत ती खिडकीबाहेर पाहत राहिली, कंडक्टरनं पुढं काही विचारू नये म्हणून.

भुपेंद्रचं घर दुकानाच्या वर होतं. खाली हायवेवरून ट्रक गेला की वर भांडी हलकेच वाजत. दामिनी दारातच उभी होती. ती भरली होती, चेहरा उजळला होता, डोळ्यांखाली मात्र काळं होतं. वाकून पाया पडू लागली तशी देवकाबाईनं तिला मधेच धरलं, आणि दोघी तशाच उभ्या राहिल्या, एकीच्या हातात बादली होती तरी. सुंदरबाईंनी पुढं होऊन बादली घेतली. "आधी पाणी प्या," त्या म्हणाल्या. "उन्हातून आल्या."

घर नीटनेटकं होतं. टीव्हीवर काचेच्या भांड्यात प्लास्टिकचे गुलाब होते, धुऊनपुसून ठेवलेले. फुलं मांडायला भांडी कुठून काढायची हा प्रश्न आला तेव्हा सुंदरबाईंनीच माळ्यावरची पेटी उतरवून घेतली. त्यांच्या लग्नातला पितळी गडवा निघाला, दोन उभे पेले निघाले, एक परात निघाली. चिंच लावून घासायला त्या स्वतःच बसल्या.

कूलरपुढं चटई टाकून दोघी जावा बसल्या. जावा म्हणायचं तर म्हणायचं. देवकाबाई बादलीतून एकेक फूल काढून द्यायची, दामिनी दांडीचं टोक पुन्हा कापायची. दोघींचे हात जुन्या सवयीनं चालू लागले. सूर्यफुलं खरंच वाटेत उघडली होती. मे फ्लॉवर पाहिल्यावर दामिनीचा हात थांबला.

"हे काहून कापले, बाई?"

"तुह्ये होते," देवकाबाई म्हणाली.

दामिनीनं ते तिन्ही एकाच गडव्यात ठेवले, दुसरं काही न मिसळता, एक उंच, एक मधे, एक कडेला टेकलेला. गडवा तिनं हातभर लांब सरकवला आणि मान तिरपी करून पाहू लागली. देवकाबाई फुलांकडं पाहतच नव्हती. दोन वर्षं तिनं अशाच गडव्यात, अशीच जागा सोडून फुलं ठेवून पाहिली होती. त्यात काय कमी पडत होतं ते आता पुढ्यात बसलं होतं, घामानं केस कपाळाला चिकटलेलं.

तेवढ्यात शेजारची बाई उद्याच्या स्वयंपाकाला मोठा गंज, म्हणजे पातेलं, लागेल का विचारत वर आली. फुलं पाहून खूश झाली, मग देवकाबाईकडं पाहून सुंदरबाईंना म्हणाली, "ह्या कोण होत?"

"दामिनीची मावशी होय," सुंदरबाई म्हणाल्या. "अड्याळची."

देवकाबाईनं मान हलवून नमस्कार केला. दामिनी झिनियाची पानं काढत होती, ती काढतच राहिली. दांडीवर एकही पान उरलं नाही तरी तिची बोटं चालूच होती. शेजारीण आणि सुंदरबाई गंज पाहायला खाली गेल्या, तेव्हा तिनं ती दांडी खाली ठेवली.

"तुमाले राग आला असल."

"मावशी का वाईट असते?" देवकाबाई म्हणाली. "तू मले सांगितलं नाही, त्याचा आला होता."

दामिनी परातीतल्या पाण्यात मोगऱ्याच्या कळ्या सोडू लागली. मग मान वर न करता बोलली. "किती डाव फोन हातात घेतला. पण काय सांगू? सहा वर्ष तुमी माह्या लेकराची वाट पाह्यली. महादेवाले नवस केले. तिथं नाही झालं, आन् इथं आल्यावर झालं. हे मी तुमाले कोणत्या तोंडानं सांगू, बाई?"

देवकाबाईनं तिचा ओला हात आपल्या हातात घेतला. "मी तुह्या लेकराची वाट पाहत होती," ती म्हणाली. "ते कोणत्या घरी येते, हे कायले पाहू?"

हे पुरतं खरं नव्हतं, आणि ते तिलाही ठाऊक होतं. ओसरीत पाळणा बांधायची तुळई तिनं कधीची हेरून ठेवली होती. पण बोलून झाल्यावर तिला वाटलं, जे आज पुरतं खरं नाही ते पोर हातात आलं की होईल. दामिनीनं तिचा हात उचलून आपल्या पोटावर ठेवला. आत काहीतरी सरकलं. खालून ट्रक गेला, पेल्यांतलं पाणी थरथरलं, आणि देवकाबाईला आधी वाटलं की आतली हालचालही त्या ट्रकचीच असेल.

चार वाजण्याच्या सुमाराला सुंदरबाईंनी तिला जेवू घातलं, आग्रह करून दोनदा भात वाढला. निघताना खणनारळानं तिची ओटी भरली. दामिनी म्हणाली, "आजची रात थांबा ना, बाई." ती सासूकडं पाहून म्हणाली. सुंदरबाई ताटं उचलत होत्या. त्यांचे हात मंद झाले. नको म्हणणं त्यांनाही जड जात होतं, हे देवकाबाईला दिसलं.

"नाही, जातो," देवकाबाई म्हणाली. "बाळंत झाली का येईन."

"मावशीनं तं यालेच पाह्यजे," सुंदरबाई म्हणाल्या. त्या तिला जिन्यापर्यंत नव्हे, खाली रस्त्यापर्यंत पोचवायला आल्या, आणि बस येईतोवर पदर डोक्यावर घेऊन उन्हात उभ्या राहिल्या.

घरी पोचली तेव्हा दिवेलागण झाली होती. दादाजींनी सांदवाडीला पाणी घालून ठेवलं होतं आणि ओसरीत बसले होते. तिनं भात टाकला, वरण केलं, ताट वाढलं. त्यांनी पहिला घास हातात घेतला आणि तसाच धरून विचारलं, "कशी हाय?"

देवकाबाई चकित झाली. सूरज गेल्यापासून ह्या माणसानं त्या पोरीचं नाव घेतलं नव्हतं. समोर होती तेव्हाही कधी सरळ बोलले नव्हते.

"बरी हाय," ती म्हणाली. "भरली हाय."

"खाते का नीट?"

"खाते."

"घर हवेशीर हाय का? वरच्या मजल्यावर गरम होत असल."

कूलर आहे, तिनं सांगितलं. मग त्यांनी दवाखाना जवळ आहे का विचारलं, भुपेंद्र दुकान सोडून घरी वेळेवर येतो का विचारलं, सासू कशी बोलते विचारलं. इतकी वर्षं रीत म्हणून जे आत साठलं होतं ते एकेक करून बाहेर येत होतं, आणि ती एकेकाचं उत्तर देत होती. सासू चांगली आहे, तिनं सांगितलं, आपल्याला पोचवायला रस्त्यापर्यंत आली होती. पोट केवढं दिसतं, फुलं कशी मांडली, तेही सांगितलं. ताटातला भात निवून गेला.

"मंग उद्याचा कार्यक्रम पाहून नाही आली काहून?" त्यांनी विचारलं.

देवकाबाईनं वरणाचं भांडं जवळ ओढलं. "तुमच्या जेवणाचं कोण पाहीन म्हणून आली."

दादाजींनी तिच्याकडं पाहिलं. हातातला घास ताटात परत ठेवला.

"एक दिवस मी टाकून घेतला असता भात," ते म्हणाले.

"हो, घेतला असता," ती म्हणाली, आणि त्यांच्या निवलेल्या भातावर तिनं गरम वरण वाढलं.